रंगमंचावर दोनच माणसं, मग बाकीची कुठे असतात?

या मालिकेत आतापर्यंत आपण नाटक लिहिणाऱ्यांबद्दल बोललो, नाटक करणाऱ्यांबद्दल बोललो. आजचा भाग नाटक बघणाऱ्यांचा. म्हणजे तुमचा आणि माझा.

नाटक संपतं, पडदा पडतो, आपण बाहेर येतो आणि कोणीतरी विचारतं, "काय, कसं वाटलं?" उत्तरं ठरलेली असतात. "छान होतं." "कामं मस्त झाली." "दुसरा अंक जरा लांबला." तोवर रिक्षा मिळते आणि विषय संपतो. पण काही नाटकांनंतर ही उत्तरं तोंडातून नीट निघत नाहीत. लोक गप्प बसतात, नाहीतर एकदम स्वतःच्या घरातलं काहीतरी सांगायला लागतात. माझा अनुभव असा की ही नाटकं बहुतेक वेळा थोड्या पात्रांची असतात. दोन, तीन, फार तर पाच. असं का होतं, हे आज समजून घेऊ. आणि अशा नाटकानंतर एकमेकांशी काय बोलावं, तेही बघू. कारण कधीकधी त्या बोलण्यावर बरंच काही अवलंबून असतं.

मी बोलते आहे दिल्लीतल्या आर. के. पुरममधून. पूर्ण नाव रामकृष्ण पुरम, रामकृष्ण परमहंसांच्या नावावरून. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची ही जुनी वसाहत. सेक्टर, ब्लॉक, क्वार्टर नंबर, असा इथला पत्ता. देशभरातली माणसं बदली होऊन इथे येतात, मुलं इथे वाढतात आणि निवृत्तीनंतर काही महिन्यांत क्वार्टर रिकामं करून निघून जातात. सेक्टर पाचमध्ये दिल्ली तमिळ संगम आहे, सेक्टर बाराच्या बाजूला राव तुलाराम मार्गावर दिल्ली कर्नाटक संघ आहे. तमिळ आणि कन्नड मंडळींना नाटकासाठी लांब जावं लागत नाही. आपल्याला मात्र मराठी नाटक बघायचं तर मंडी हाऊसला कमानी किंवा श्रीराम सेंटर गाठायचं, नाहीतर पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवनात जायचं. मेट्रोने मंडी हाऊसला जायचं तर दोनदा गाडी बदला, एकदा हौज खासला, एकदा केंद्रीय सचिवालयाला. तरुणांना त्याचं काही नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांना ते जिने नको होतात.

महाराष्ट्रातून दिल्लीत नाटक आणणंही सोपं नाही. कलाकार, तंत्रज्ञ, नेपथ्य, प्रवास, मुक्काम, सगळ्याचा हिशेब करावा लागतो. पात्रं जितकी कमी, तितकं नाटक लांबवर जाऊ शकतं. त्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी प्रेक्षकाच्या वाट्याला थोड्या पात्रांची नाटकं आणि एकपात्री प्रयोग जास्त येतात, यात नवल नाही.

तर गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मराठी घरांनी ठरवलं की नाटक आपल्याकडे येत नसेल तर आपणच बसून वाचू. एका क्वार्टरच्या बैठकीच्या खोलीत पलंग भिंतीला लावला, सतरंज्या घातल्या, हीटर लावला. ऐकणारे चौदा. वाचायला घेतलं जयवंत दळवींचं 'संध्याछाया'. दोन मुख्य भूमिका दोघांनी वाचल्या, बाकीच्या सगळ्या एकाने. मी वही घेऊन बसले होते. नंतर कोण काय म्हणालं ते मी टिपून ठेवलं. आजचं बोलणं त्या वहीतून निघालं आहे.

आधी नाटकाबद्दल थोडं. दळवींचा जन्म 1925चा, गाव सिंधुदुर्गातलं आरवली. 'ललित' मासिकात 'ठणठणपाळ' या नावाने मराठी साहित्यिकांच्या टोप्या उडवणारे ते हेच. 'संध्याछाया' 1973 साली दि गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलं. दिग्दर्शन विजया मेहतांचं. नानी त्यांनीच केली आणि नाना केले माधव वाटव्यांनी. पुढे कुसुम कुमार यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला आणि हिंदी रंगभूमीवरही ते रुजलं.

गोष्ट चार ओळींत सांगता येते. नाना आणि नानी हे म्हातारं जोडपं. थोरला मुलगा अमेरिकेत, धाकटा हवाई दलात. घरात हे दोघं आणि एक गडी. अधूनमधून कोणी येतं, जातं. बाकी वेळ दोघं एकमेकांशी बोलतात, भांडतात, मुलांची वाट बघतात. थोरला तिकडचाच होऊन जातो. धाकट्याच्या मृत्यूची बातमी येते. शेवटी ही दोघं मिळून आपलं आयुष्य संपवायचं ठरवतात. रंगमंचावर येणारी पात्रं दोनपेक्षा जास्त आहेत, पण नाटक आहे या दोघांचं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. थोड्या पात्रांचं नाटक बघताना प्रेक्षकाच्या मनात काय चाललेलं असतं? मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट. जो माणूस रंगमंचावर दिसत नाही, त्याला आपण आपल्या घरातला चेहरा देतो.

'चारचौघी' आठवा. प्रशांत दळवींचं नाटक, चंद्रकांत कुलकर्णींचं दिग्दर्शन, 1991 साल. त्यात थोरल्या मुलीचा, विद्याचा, टेलिफोनवरचा एक लांबलचक प्रवेश आहे. आधी वंदना गुप्ते तो करायच्या, 2022 साली नाटक पुन्हा आलं तेव्हा मुक्ता बर्वेंनी केला. फोनच्या पलीकडे कोण काय बोलतं ते आपल्याला ऐकू येत नाही. आपण फक्त विद्याला बघत असतो. तरी तो पलीकडचा माणूस आपल्याला पुरता कळतो. कारण त्याची वाक्यं आपणच मनात तयार करत असतो. आणि ती तयार करताना आवाज कुणाचा वापरतो? आपल्या ओळखीतल्या कुणाचा तरी.

'संध्याछाया'तही तेच. दोन्ही मुलगे घरात नाहीत. अमेरिकेतला मुलगा दळवींनी समोर उभा केला असता, त्याला उंची, रंग, आवाज दिला असता, तर आपण त्या नटाकडे बघितलं असतं. तो समोर नाही, म्हणून आमच्या खोलीत त्या संध्याकाळी चौदा वेगवेगळे मुलगे होते. एका मावशींचा मुलगा बंगळुरूला असतो. त्या म्हणाल्या, "अमेरिकाच कशाला पाहिजे? बंगळुरूलासुद्धा फोन लागतो आणि माणूस लागत नाही." अमेरिका हा शब्द त्यांनी ऐकला, पण नाटक बघितलं ते बंगळुरूचं.

दुसरी गोष्ट. पात्रं जशी वाट बघतात, तशी आपल्यालाही बघावी लागते.

पात्रं भरपूर असली की सतत कोणी येतं, कोणी जातं. एक प्रसंग कंटाळवाणा झाला तर पुढचा सावरतो. दोनच माणसं असली की तशी सुटका नसते. नानी बोलायची थांबली तर शांतता होते, आणि ती शांतता आपल्यालाही सोसावी लागते. दाराची घंटा वाजली की नाना-नानींइतकेच आपणही सावरून बसतो. "कोण आलं असेल?" हा प्रश्न त्यांचा राहत नाही, आपलाही होतो. "नाटक संथ आहे" अशी तक्रार अशा नाटकांबद्दल नेहमी ऐकू येते. संथ असतंच. पण म्हातारपणातली दुपार संथच असते, आणि लेखकाला ती तुम्हाला सांगायची नसून तुमच्याकडून घालवून घ्यायची असते.

आमच्याकडे त्यात एक भर पडली. आर. के. पुरम पालम विमानतळापासून फार लांब नाही. विमानाचा आवाज इथे रोजचा, कोणी मान वर करून बघत नाही. पण धाकट्या मुलाचा विषय चालू असताना वरून विमान गेलं आणि वाचणारे काका क्षणभर थांबले. तो आवाज संपेपर्यंत कोणीच काही बोललं नाही. एवढा पार्श्वसंगीताचा खर्च कोणत्या निर्मात्याला परवडेल?

तिसरी गोष्ट. आपल्याला एकाच बाजूला बसून राहता येत नाही.

मोठ्या नाटकात नायक असतो, खलनायक असतो, आपण आपली जागा पटकन ठरवतो. दोन माणसांच्या नाटकात ती जागा सारखी बदलते. 1992 साली आलेलं 'तुम्हारी अमृता' घ्या. लेखन जावेद सिद्दीकी, दिग्दर्शन फिरोज अब्बास खान, कलाकार शबाना आझमी आणि फारूख शेख. दोघं शेजारी बसतात आणि आयुष्यभर एकमेकांना लिहिलेली पत्रं वाचतात. एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. हालचाल नाही, नेपथ्य जवळजवळ नाही. तरी ते नाटक 2013 पर्यंत, फारूख शेख जाईपर्यंत, चालत राहिलं. अमृताचं पत्र चालू असतं तेव्हा आपण तिच्या बाजूला असतो, झुल्फीचं सुरू झालं की त्याच्या. शेवटी कोण चुकलं हे सांगता येत नाही, कारण मधल्या वेळात आपण दोघांच्याही घरात राहून आलेलो असतो.

'संध्याछाया'ची गंमत ही की तिथे दुसरी बाजू गैरहजर मुलाची आहे. आमच्या बैठकीत सगळ्यात लहान होता तिशीतला एक मुलगा, इथल्याच एका मंत्रालयात नोकरीला, आईवडील नांदेडला. सगळे हळहळत असताना तो म्हणाला, "मला नाना-नानींपेक्षा त्या थोरल्याचं वाईट वाटलं. त्याला बोलायला एकही वाक्य नाही." खोलीत थोडी कुजबुज झाली. एक काका म्हणाले, "आलास ना मुलांच्या बाजूने!" पण विचार करा, त्याचं निरीक्षण किती अचूक आहे. हे नाटक ज्याच्याबद्दल आहे, त्याची बाजू मांडायला तोच तिथे नाही. ती कोणीतरी प्रेक्षकांतून मांडावी लागते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं आपल्या माणसांचं झालं. म्हातारे आईवडील, परदेशातली मुलं, डोळ्यांत पाणी येणारच. त्यात नाटकाचं काय? म्हणून एक अगदी वेगळं उदाहरण देते.

सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो'. 1953 साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा झालं. पाच पात्रं. दोन भणंग माणसं एका झाडाखाली गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघतात. तो येत नाही. संपलं नाटक. जानेवारी 1956 मध्ये अमेरिकेत मायामीला ते लागलं, तेव्हा जाहिरात अशी झाली होती की हसून हसून पुरेवाट होईल. सुट्टीच्या दिवसांत, चांगले कपडे घालून लोक आले, आणि मध्यंतरापर्यंत बरेच जण उठून गेले.

पुढच्या वर्षी, 19 नोव्हेंबर 1957 रोजी, तेच नाटक कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात झालं. दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाऊ. प्रेक्षक होते सुमारे 1400 कैदी. हे नाटक निवडण्याचं एक कारण अगदी व्यवहारातलं होतं, त्यात स्त्री पात्र नाही. कलाकार धास्तावले होते. शहरातल्या शिकलेल्या प्रेक्षकांना जे झेपलं नाही, ते इथे कोण ऐकून घेणार? पण कैदी शेवटपर्यंत बसले आणि त्यांना ते कळलं. तुरुंगाच्या वर्तमानपत्रात त्यावर लिहूनही आलं. वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. रिक क्लची नावाच्या कैद्याला तर सभागृहात जायची परवानगीही नव्हती. त्याने ते कोठडीत बसून ध्वनिक्षेपकावर ऐकलं. पुढे त्याने तुरुंगातच नाटकं सुरू केली. सुटल्यावर तो बेकेटपर्यंत पोहोचला, आणि बेकेटच्या एकपात्री नाटकात स्वतः बेकेटने त्याला दिग्दर्शन केलं.

मायामीचा प्रेक्षक मठ्ठ आणि सॅन क्वेंटिनचा हुशार, असा याचा अर्थ घेऊ नका. नाटक तेच, शब्द तेच. पात्रं कमी असल्यामुळे त्यात रिकामी जागा भरपूर होती. ती भरायला कैद्यांकडे सामान होतं, मायामीला सुट्टीवर आलेल्यांकडे त्या संध्याकाळी नव्हतं. थोड्या पात्रांच्या नाटकाबद्दल प्रेक्षक जे बोलतो, त्यात निम्मं नाटकाचं असतं आणि निम्मं त्याच्या आयुष्याचं. ते दुसरं निम्मं बोलायला संकोचू नका, आजच्या भागात मला सांगायचं आहे ते इतकंच.

संकोच का करू नये, ते आता सांगते.

आमच्या वाचनानंतर चहा झाला. तेव्हा एक गृहस्थ, पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणारे, हसत म्हणाले, "नाना-नानींचं एक बरं होतं. त्यांना घर सोडायची तारीख नव्हती." सगळे हसले. इथे निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला ती तारीख माहीत असते. कोणी द्वारकेला फ्लॅट घेतलेला असतो, कोणी नोएडाला, कोणी पुण्याला परत जायचं म्हणतो आणि तिथे आता ओळखीचं कोणी उरलेलं नसतं. मग ते गृहस्थ थोडं थांबून म्हणाले, "आणि शेवटही बरा केला त्यांनी. कुणाला त्रास नाही."

या वाक्याला कोणी हसलं नाही. पण लगेच कोणी उत्तरही दिलं नाही. अशा वेळी "काय हो, काहीतरीच बोलता!" म्हणून विषय बदलायची आपली पद्धत आहे. त्या दिवशी त्यांच्याच शेजारी बसलेल्या एका आजींनी तसं केलं नाही. त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, हे नानांचं बोलताय की तुमचं?"

केवढा नेमका प्रश्न आहे बघा. ते गृहस्थ जरा वेळ कपाकडे बघत राहिले. म्हणाले, "थोडं नानांचं, थोडं माझं." मग पुढचा तासभर नाटकाबद्दल कोणी फारसं बोललं नाही. निवृत्तीनंतर कुठे जाणार, बायकोच्या तब्येतीचं काय, मुलीशी बोलणं का थांबलं, हे सगळं निघालं. आता दर रविवारी त्यांच्याकडे कोणीतरी चहाला जातं, आणि ते आमच्या वाचनात नियमाने भाग घेतात.

दळवींनी तो शेवट उपाय म्हणून लिहिला आहे, असं मला वाटत नाही. त्या घरात कोणी येत-जात राहिलं असतं, तर असं झालं असतं का, हा प्रश्न ते आपल्या हातात ठेवून जातात. पण खोलीत बसलेल्या एखाद्याला तो शेवट सल्ल्यासारखा ऐकू येऊ शकतो. म्हणून अशी नाटकं, विशेषतः घरातल्या ज्येष्ठांबरोबर, बघितल्यावर लगेच उठून जाऊ नका. बोला. आणि कोणाच्या बोलण्यात असं काही आलं, तर ते नानांचं आहे की त्यांचं, हे न घाबरता विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. गरज वाटली तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा आहे, 14416 हा नंबर कोणत्याही वेळी लावता येतो, आणि मराठीतही बोलता येतं.

मग नाटकानंतर बोलायचं कसं? आम्ही आता चार प्रश्न ठरवले आहेत. तुमच्या घरी, मंडळात, सोसायटीत करून बघा.

पहिला प्रश्न, तुम्हाला नेमका कोणता क्षण आठवतोय? "एकूण छान" हे उत्तर चालणार नाही. घंटा वाजली तो क्षण, नानी गप्प झाली तो क्षण, असं काहीतरी सांगायचं. यामुळे बोलणं नाटकाला धरून राहतं.

दुसरा, त्या क्षणी तुम्हाला कोण आठवलं? इथे आपल्या आयुष्याचं निम्मं येतं. नाव सांगायची सक्ती नाही.

तिसरा, जो रंगमंचावर नव्हता त्याचं म्हणणं काय असेल? थोरल्या मुलाची बाजू सांगा, फोनच्या पलीकडच्या माणसाची सांगा, गोदोचीसुद्धा सांगून बघा. मजा येते.

चौथा, तुम्ही त्यांचे शेजारी असता तर काय केलं असतं? 'संध्याछाया'नंतर या प्रश्नावर आमच्याकडे सर्वात जास्त वेळ गेला. एकाने सांगितलं, रोज सकाळी दूध आणताना त्यांचंही आणलं असतं. साधं उत्तर आहे, पण आमच्या ब्लॉकमध्ये दोन घरांत ते खरंच सुरू झालं.

एक सूचना. पहिल्या फेरीत कोणी कोणाला खोडून काढायचं नाही. "तसं नव्हतं हो ते" हे वाक्य दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा. आणि ज्यांना बोलायचं नाही त्यांना गप्प बसू द्या. सॅन क्वेंटिनमध्ये कोठडीत बसून नाटक ऐकणाऱ्याला त्या रात्री कोणी प्रतिक्रिया विचारली नव्हती. त्याने ती पुढे आयुष्यभर दिली.

पुढच्या भागात आपण एकपात्री प्रयोगांकडे वळू. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे 52 पात्रं उभी करायचे, आणि ती आपल्याला वेगवेगळी कशी दिसायची, ते बघू. तोवर थोड्या पात्रांचं एखादं नाटक मिळालं तर बघा, नाही मिळालं तर चार जण जमवून वाचा. आणि "कसं वाटलं?" असं कोणी विचारलं, तर या वेळी जरा सविस्तर सांगा.